दलालाचा तराजू

व्यापारी जागांच्या दलालाकडे स्वतःचा माल नसतो. इमारत मालकाची, गरज भाडेकरूची. त्याच्या हाती असते ती फक्त माहिती. कोणता मजला कधी रिकामा होणार, कार्पेट एरिया खरा किती, लॉक-इनच्या अटीत मालक कुठवर वाकेल, हे त्याला ठाऊक असते आणि त्यावरच त्याची दलाली ठरते. त्यामुळे त्याच्या व्यवसायातला धर्माचा प्रश्न काय सांगायचे आणि काय गिळायचे, याभोवती फिरतो.

बंगळूरच्या पूर्वेला महादेवपुऱ्यात हा प्रश्न पाण्याच्या रूपाने उभा राहतो. इथल्या तळ्यांना जोडणारे ओढे, ज्यांना कन्नडमध्ये राजकालुवे म्हणतात, बांधकामांनी ठिकठिकाणी अरुंद झाले किंवा बुजले. सप्टेंबर २०२२ च्या पावसात आउटर रिंग रोडलगतचे भाग बुडाले आणि आयटी कंपन्यांचे कर्मचारी ट्रॅक्टरमध्ये बसून कामावर गेले. अशा भागात उन्हाळ्यात कार्यालय पाहायला आलेल्या भाडेकरूला तळघरातल्या पाण्याबद्दल आपणहून सांगावे काय?

कायद्याचे उत्तर तोकडे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जागेच्या वापरात अडचण आणणारा आणि साध्या दक्षतेने लक्षात न येणारा दोष भाडेकरूला सांगणे मालकाला बंधनकारक आहे. वर्तमानपत्रात छापून आलेला पूर ‘लक्षात न येणारा’ म्हणता येईल का, यावर वकील तास घालवू शकतात. शिवाय हे बंधन मालकावर आहे. २०१६ चा रेरा कायदा एजंटांना नोंदणी सक्तीची करतो, पण त्यातली एजंटाची व्याख्या विक्रीच्या व्यवहारांपुरती आहे. नुसता भाडेपट्टा जुळवणारा तिच्यात येत नाही.

रोमन विचारवंत सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यांवरील ग्रंथात नेमका असाच दाखला घेतला आहे: विकायला काढलेल्या घरात साप निघतात, हे एकट्या मालकाला माहीत आहे. त्यावर दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद तो मांडतो. डायोजेनीसच्या मते न सांगणे म्हणजे फसवणे नव्हे. अँटिपेटरच्या मते ग्राहकापासून काहीही लपवू नये. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूचा. त्याचा विक्रेता मात्र एकाच बाजूचा माणूस आहे. दलालाला दोन्हीकडे तोंड द्यावे लागते, आणि दलाली बहुधा मालकाकडून येते.

दोन्हीकडे सारखे पाहण्याचा दाखला महाभारताच्या शांतिपर्वात आहे. जटांत पक्ष्यांनी घरटे केले तरी न हललेला तपस्वी जाजली तपाच्या गर्वात असतो. त्याला धर्म शिकायला वाराणसीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागते. तुलाधाराचा तराजू सर्वांना सारखाच. महादेवपुऱ्यात ही समता अशी उतरते: दलाली कोणीही देवो, जे कळल्याने व्यवहार मोडेल ते दोघांनाही कळले पाहिजे. मालकाची किमान भाड्याची अट गुप्त ठेवणे ही सौद्याची रीत झाली. पाणी गुप्त ठेवणे ही नव्हे. हा भेद न करणारे नीतिशास्त्र दलालाच्या उपयोगाचे नाही.

पण दलालाला जे कळते ते सगळे कामाच्या वेळातच कळते असे नाही, म्हणून काम आणि फुरसत यांच्या नात्याचाही प्रश्न येतो. मंगळवेढ्याशी नाते असलेल्या बसवेश्वरांच्या कायक-विचारात काम हीच उपासना. तांदूळ वेचून आणणाऱ्या आयदक्की मारय्याने एकदा गरजेपेक्षा जास्त आणले, तेव्हा पत्नी लक्कम्माने ते परत टाकून यायला सांगितले, अशी कथा आहे. इथे मिळकतीला मर्यादा आहे, पण छंदासाठी वेगळी जागा नाही. अ‍ॅरिस्टॉटल उलट म्हणतो: माणूस काम करतो ते फुरसतीसाठी.

दलालाच्या बाबतीत दोघेही अपुरे पडतात. त्याचे गोल्फ अनेकदा ग्राहक जोडण्यासाठीच असते. त्याला छंद म्हणणे म्हणजे मनाची समजूत. पण रविवारी सायकल घेऊन वर्तुरच्या तळ्याकडे जाणारा, पाणपक्षी पाहणारा दलाल तीच जमीन चौरस फुटाच्या दराविना पाहतो. कोणता ओढा कुठे बुजला, पाणी कोणत्या इमारतीकडे वळते, हे त्याला तिथेच दिसते. ते ज्ञान कमाईसाठी मिळवलेले नाही, म्हणून सोमवारी ते विसरायची मुभा आहे असे त्याला वाटू शकते. कायक-विचार ती मुभा देत नाही: ज्याला ओढा दिसला, तो माणूस आणि भाडेपट्टा जुळवणारा माणूस एकच आहे.