भीड आणि संमति

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत आम्ही घरच्या सामानासाठीं एका मोठ्या दुकानांत गेलों होतों. दुकानाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें जें घडलें तें हल्लीं बहुतेक दुकानांत घडतें. गल्ल्यापुढें बारा-पंधरा माणसांची रांग होती. आमच्या पुढें एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या टोपलींत रवा, साखर, खोबरें आणि उटण्याच्या दोन पुड्या एवढेंच सामान होतें. गल्ल्यावरील मुलीनें वर न पाहतां विचारलें, "मोबाइल नंबर?" गृहस्थ म्हणाले, "तो कशाला, बाई?" "पॉइंट जमा होतात, काका." "मला नकोत पॉइंट." "पण नंबर टाकल्याशिवाय बिल पुढें जात नाहीं हो." रांगेंतून कोणी सुस्कारा टाकला, कोणी "अहो, सांगून टाका ना" असें म्हणालें. गृहस्थांनीं एकवार मागें वळून पाहिलें आणि दहा आंकडे सांगितले. फोनवर आलेला ओटीपीहि खिशांतून चष्मा काढून वाचून दाखविला. "सांगून टाका ना" म्हणणारांत आम्हीहि होतों, हें येथें कबूल करणें भाग आहे.

प्रश्न अगदींच क्षुल्लक आहे असें वाचकांपैकीं कांहींस वाटेल. दहा आंकडे सांगितल्यानें कोणाची कोणती इस्टेट बुडाली? आम्हांसहि त्या रात्रीपर्यंत तसेंच वाटत होतें. परंतु मागें वळून पाहतांना त्या गृहस्थांचा जो चेहरा झाला होता तो डोळ्यांपुढून हालेना. त्यावर राग नव्हता आणि संमतीहि नव्हती. आपल्या भाषेंत त्या अवस्थेला नेमका शब्द आहे, तो म्हणजे भीड. चार लोकांत नाहीं म्हणवत नाहीं म्हणून होय म्हणणें, ही भीड. 'भीड भिकेची बहीण' असें आपण म्हणतों. त्यांत भिडेला बळी पडणाराचें नुकसान सांगितलें आहे, पण भीड घालणाराचें काय, हें ती म्हण सांगत नाहीं.

ज्या योजनेसाठीं हे आंकडे मागितले जातात तिला 'लॉयल्टी कार्ड' म्हणतात. पूर्वीं तें खरोखरीचें कार्ड असे. आतां तें बहुतेक ठिकाणीं गेलें आणि मोबाइलचा नंबरच कार्डाचें काम करूं लागला. इंग्लंडांतील टेस्को या कंपनीनें १९९५ सालीं आपलें क्लबकार्ड काढलें, तेव्हांपासून या प्रकाराला आजचें वळण लागलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्यापूर्वींहि दुकानदार खरेदीबरोबर कुपनें व तिकिटें देतच असत. परंतु तिकिटाला खरेदी करणाराचें नांव ठाऊक नसे. कार्डामुळें कोणतें घर कोणत्या दिवशीं काय नेतें हें एका ठिकाणीं लिहिलें जाऊं लागलें, आणि पुढें त्या लिहिण्यालाच मालाइतकी किंमत आली.

या योजनांत सर्वत्र लबाडीच असते असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणानें तेथील किराणा दुकानांतून कार्डधारकांस मिळणाऱ्या सवलतीची तपासणी करून २०२४च्या नोव्हेंबरांत निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारें ५०,००० वस्तूंचे भाव पाहिले, त्यांपैकीं ९२ टक्के वस्तूंवरील सूट नेहमीच्या किंमतीच्या मानानें खरी निघाली. एखाद्या गृहिणीचे महिन्याकांठीं शंभर रुपये यांत वांचत असतील तर तिला तत्त्वज्ञान सांगणारे आम्ही कोण? परंतु त्याच तपासणीचा दुसरा अर्थ असा कीं, जो आपलें नांव सांगत नाहीं त्याला तीच वस्तु महाग पडते. अनोळखी राहून साखर घेणें ही कालपर्यंत फुकट असलेली गोष्ट, आतां तिला पैसे पडूं लागले.

पॉइंट हें बक्षीस आहे अशी गल्ल्यावरची भाषा असते. हिशेबाची वही मात्र निराळें बोलते. भारतांत १ एप्रिल २०१८ पासून मोठ्या कंपन्यांस लागू झालेल्या 'इंड एएस ११५' या मानकाप्रमाणें अशा पॉइंटांपोटीं धरलेली रक्कम विक्रीच्या दिवशीं उत्पन्न म्हणून दाखवितां येत नाहीं. ती ग्राहकाचें देणें म्हणून बाजूला ठेवावी लागते. म्हणजे उद्यां मिळावयाच्या वस्तूचे पैसे आजच्या खरेदींतच अगाऊ आले, असें हिशेबनीस मानतो. बाहेर ज्याला बक्षीस म्हणतात त्याला आंतल्या खोलींत कर्ज म्हणतात! आणि मुदत संपून पॉइंट रद्द झाले म्हणजे तेंच कर्ज उत्पन्नाच्या खात्यांत जाऊन बसतें; ग्राहकाला अनेकदां त्याची वार्ताहि नसते.

निष्ठेचें म्हणाल तर तिचाहि थोडा हिशेब झालेला आहे. जोसेफ न्यून्स व झेवियर ड्रेझ या दोन अध्यापकांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेंत मोटारी धुण्याच्या एका ठिकाणीं ३०० गिऱ्हाइकांस कार्डें वाटलीं. निम्म्या कार्डांवर आठ शिक्के जमले कीं एक वेळ मोटार फुकट धुऊन मिळावयाची होती. उरलेल्या कार्डांवर शिक्के दहा हवे होते, परंतु त्यांतले दोन आधींच मारून दिलेले होते. मिळवावयाचे शिक्के दोहींकडे आठच. तरी पहिल्या प्रकारचीं १९ टक्के कार्डें पुरीं झालीं आणि दुसऱ्या प्रकारचीं ३४ टक्के. मोटारी धुण्याच्या कामांत कांहींच फरक नव्हता. रांगोळीचे चार ठिपके कोणी जोडून ठेवले कीं पुढचे जोडल्याशिवाय मुलीला उठवत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. या हौसेला निष्ठा हें नांव देणें म्हणजे एका मोठ्या शब्दाची खोटी मोड करण्यासारखें आहे.

येथें जुन्या वाण्याची थोरवी गाण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतों. कोणाकडे पाहुणा आला, कोणाच्या घरीं तूप बंद झालें, कोणाची उधारी तीन महिने थकली, हें सारें वाण्याला ठाऊक असे आणि चार लोकांत तो तें बोलूनहि दाखवी. उधारीपायीं भर दुकानांत खालीं मान घालून उभ्या राहिलेल्या आया-बहिणींनीं त्या स्मरणशक्तीचें कौतुक केलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु एक गोष्ट खरी कीं, वाणी जसा आपल्याला ओळखी तसे आपणहि वाण्याला ओळखत होतों. त्याच्या तराजूचा कांटा कोणीकडे झुकतो, त्याच्या वडिलांनीं कोणाला कसें बुडविलें, त्याच्या मुलीचें लग्न कोठें अडलें आहे, हें सगळ्या आळीला माहीत असे. आजची ओळख एकीकडूनच चालते. दुकानाला आमच्या घरांतील मधुमेह कळतो; दुकानानें आमची यादी कोणाच्या हातीं दिली हें आम्हांला कळत नाहीं.

ग्राहकाच्या येण्याजाण्याला निष्ठा म्हणावें असा प्रयोग जगांत झालाच नाहीं असें नाहीं. १८४४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेल येथें २८ कामकरी माणसांनीं सहकारी दुकान काढलें आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणांत परत वाटण्याची रीत पाडली. आपल्याकडे १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनेंहि कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र मागविण्याची पद्धति चालविली. खरेदीची नोंद तेथेंहि होतीच. परंतु ज्यांची नोंद त्यांचीच वही.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. त्या गृहस्थांनीं दिली ती संमति होती काय? आपला कराराचा कायदा १८७२ सालचा. जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक, दिशाभूल आणि चूक यांमुळें संमति स्वतंत्र राहत नाहीं असें तो सांगतो. त्या यादींत रांग नाहीं. २०२३च्या मे महिन्यांत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानें दुकानदारांस सूचना दिली कीं, बिलासाठीं मोबाइल नंबरचा आग्रह धरूं नये. त्याच वर्षीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमति मोकळी, नेमकी, समजून दिलेली व बिनशर्त असावी, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेतां यावी, असें त्यांत लिहिलें आहे. शब्द चांगले आहेत. परंतु कायदा ज्या मनुष्याची कल्पना करतो तो एकटा, निवांत, हातांत कागद घेऊन बसलेला असतो. गल्ल्यापुढला मनुष्य एका हातांत पिशवी, दुसऱ्या हातांत पैसे आणि पाठीशीं चौदा माणसांची घाई घेऊन उभा असतो.

आणि याच ठिकाणीं तो प्रश्न विचारला जातो. दारांत नाहीं, माल निवडतांना नाहीं, बिल हातीं पडल्यावर नाहीं. यंत्रांत नंबराची चौकट बिलाच्या आधीं ठेवली ती कोणी तरी विचार करून ठेवली असणार. गल्ल्यावरील मुलीस आम्ही दोष देत नाहीं. दिवसाला इतके नंबर जमवावयाचे असा हिशेब तिच्या डोक्यावर असतो आणि नोकरी टिकवावयाची असते. कंपनीलाहि स्वतः बळजबरी करावी लागत नाहीं. दाब लागतो तो रांगेचा, आणि तो आम्ही फुकट पुरवितों. त्या गृहस्थांस कोणी धमकी दिली नव्हती. आम्हीं फक्त सुस्कारा टाकला होता. दुकानदार म्हणेल कीं, सवडीनें विचारलें तर निम्मे लोक नंबर देणार नाहींत. तसें झालें तर आज त्याच्या यादींत निम्मी संमति आणि निम्मी भीड आहे एवढेंच सिद्ध होईल. ज्यांस पॉइंट हवे आहेत त्यांनीं बिल घेतल्यावर बाजूच्या मेजावर नंबर नोंदवावा, आणि न नोंदविणारास तोच भाव लावावा, इतकी साधी व्यवस्था करण्यास कोणतेंहि नवें यंत्र लागत नाहीं.

संक्रांतीच्या सुमारास आम्ही पुनः त्याच दुकानांत गेलों. तीळ आणि गूळ घ्यावयाचा होता. मुलगी तीच होती, रांगहि तितकीच. नंबर विचारतांच आम्हीं जमेल तेवढ्या सौम्यपणें सांगितलें कीं, आम्हांस तो द्यावयाचा नाहीं. मागें कोणी तरी सुस्कारा टाकला, आणि त्या सुस्काऱ्याचें वजन आम्हांस प्रथमच कळलें. कान तापले. मुलीनें क्षणभर आमच्याकडे पाहिलें, मग भराभर दहा आंकडे दाबले आणि बिल निघालें. आम्हीं विचारलें, "हा कोणाचा नंबर?" ती म्हणाली, "माझाच, काका. साहेबांना सांगूं नका." पिशवी उचलून आम्ही बाजूला झालों. मागच्या बाईंनीं विचारण्यापूर्वींच आपला नंबर सांगावयास सुरुवात केली होती.