गोष्टीतली आई कामाला जाते

मुलांच्या पुस्तकांत आई सहसा असतेच. ती पोळ्या लाटते, डबा भरते, ताप आला की कपाळावर ओली पट्टी ठेवते. पण ती सकाळी घराबाहेर पडते, दिवसभर काही काम करते, त्याचे पैसे घरी आणते आणि दमते, हे मुलांच्या गोष्टींना दिसायला फार वेळ लागला. प्रत्यक्षात बाया कधीपासून कामाला जातच होत्या. हा उशीर केवळ दुर्लक्षामुळे झाला असे मला वाटत नाही. आईचा मोठेपणा कशात पाहायचा, हेच आधी बदलावे लागले.

आपल्याकडे तो मोठेपणा 'श्यामची आई'ने ठरवून दिला. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आंघोळ केल्यावर श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई दगडावर लुगडे पसरते आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे त्याला सांगते. हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत सांगितला गेला. त्या आईचे प्रेम अस्सल आहे, कष्टही अस्सल आहेत. मात्र त्यातून आपण आईला मोजायची एकच पट्टी उचलली: तिने स्वतःला किती झिजवले. या पट्टीवर नोकरी करणाऱ्या आईला जागाच उरत नाही. तिचा घराबाहेरचा प्रत्येक तास मुलाच्या वाट्यातून वजा झालेला धरला जातो.

इंग्लंडमध्ये ई. नेसबिट यांनी 'द रेल्वे चिल्ड्रन' १९०६ मध्येच लिहिले होते. खोट्या आरोपावरून वडिलांना तुरुंगात टाकले जाते. आई तीन मुलांना घेऊन खेड्यात राहायला जाते आणि दार लावून कथा लिहीत बसते. मासिकांकडे पाठवलेल्या कथा साभार परत येतात. एखादी स्वीकारली गेली की त्या दिवशी मुलांना चहाबरोबर बन मिळतात. आईच्या श्रमाचा आणि ताटातल्या घासाचा संबंध मुलांना इतका थेट कळतो. नेसबिट यांनी स्वतःही लिहून संसार चालवला होता. तरी ही कमाई म्हणजे संकटातली सोय असते. वडील परत येतात तिथे पुस्तक संपते, आणि आई पुढे लिहीत राहिली का, हा प्रश्न गोष्टीला पडत नाही.

मॅडलीन लेंगल यांच्या 'अ रिंकल इन टाइम' (१९६२) या अमेरिकी कादंबरीतली मिसेस मरी तर शास्त्रज्ञ आहे. पण तिची प्रयोगशाळा घरालाच लागून आहे आणि रात्रीचे जेवण ती प्रयोगाच्या बर्नरवरच शिजवते. काम मान्य झाले होते, पण उंबरठ्याच्या आत.

घराबाहेरची आई पुस्तकांतून किती गायब आहे, हे मोजून दाखवले ते स्त्रीमुक्ती चळवळीने धीट केलेल्या अभ्यासकांनी. समाजशास्त्रज्ञ लेनोर वाइट्झमन आणि सहकाऱ्यांनी कॅल्डेकॉट हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळालेली चित्रपुस्तके तपासली. १९७२ मध्ये त्यांचा निबंध आला. देशातल्या सुमारे चाळीस टक्के बायका कमावत होत्या. त्या पुस्तकांतल्या एकाही बाईला नोकरी नव्हती.

त्यानंतर चित्र भराभर बदलले. नव्या पुस्तकांतल्या आयांत मला सर्वांत मोलाची वाटते ती लेखिका बेव्हर्ली क्लिअरी यांच्या कादंबऱ्यांतल्या रमोना या मुलीची आई. रमोनाच्या वडिलांची नोकरी जाते तेव्हा आई डॉक्टरांच्या दवाखान्यात पूर्णवेळ काम धरते. पण वडिलांना दुसरी नोकरी लागल्यावरही ती काम सोडत नाही. 'रमोना अँड हर मदर' (१९७९) मध्ये एक संध्याकाळ आहे. सकाळी घाईघाईत विजेच्या भांड्यात रश्शाची सगळी तयारी करून ठेवलेली असते, पण प्लग लावायचाच राहून जातो. आईवडील दमून घरी येतात तर भांड्यातले सगळे कच्चेच. दोघांत वाजते. पॅनकेक नीट भाजला नाही म्हणून वडील कुरकुरतात, आई त्यांना उलथन्यानेच एक फटका देते, आणि आता हे वेगळे होणार या भीतीने मुली अंथरुणात जागत राहतात. सकाळी घर पुन्हा नेहमीसारखे सुरू होते. दमलेली, चिडलेली, चुकणारी आई ही चांगलीच आई असते, हे मुलांच्या पुस्तकाने इतक्या स्वच्छपणे सांगितले, याचे महत्त्व मला फार वाटते.

व्हेरा विल्यम्स यांच्या 'अ चेअर फॉर माय मदर' (१९८२) मधली आई हॉटेलात वाढपाचे काम करते. घराला आग लागून सगळे सामान गेलेले असते. टिपची नाणी ती रोज एका मोठ्या बरणीत टाकते. मुलगी ती मोजत असताना कधीकधी आईचा तिथेच डोळा लागतो. बरणी भरल्यावर गुलाबाच्या नक्षीची एक मऊ खुर्ची येते. इथे मुलीला आईचे दमणे दिसते आणि तिला बसायला जागा हवी, हेही कळते.

अँथनी ब्राउन यांच्या 'पिगीबुक'ने (१९८६) त्यापुढचा प्रश्न विचारला. मिसेस पिगॉट घरचे सगळे उरकून कामाला जाते आणि परत आल्यावर पुन्हा घरचेच करते. सुरुवातीच्या चित्रांत तिचा चेहराही नीट दिसत नाही. ती घर सोडून गेल्यावर नवरा आणि दोन मुलगे शब्दशः डुकरे होतात. ती परतल्यावर ते स्वयंपाकाला लागतात, इस्त्री करतात; ती मोटार दुरुस्त करते. आई बाहेर पडली की घरानेही बदलायला हवे, हे या पुस्तकाने मुलग्यांना उद्देशून सांगितले.

आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत आईवडील दोघे मिळून भाजी निवडताना दिसले, एक पुरुष इस्त्री करताना दिसला. ते पाऊल योग्यच होते. पण चित्रानंतर गोष्ट यायला हवी, आणि ती सगळ्या आयांची असायला हवी. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची मिळून एक कोयता म्हणून गणना होते, मुकादमाने आगाऊ दिलेली उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, आणि पहाटे थंडीत मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणाऱ्या आईचा वेगळा हिशेब कुठेच लागत नाही. तिची मुले फडावरच्या कोपीत वाढतात. मासळीची पाटी घेऊन पहाटे बाजार गाठणारी कोळीण, गावभर फिरून बाळांचे लसीकरण झाले का पाहणारी आशाताई, यांच्या मुलांनाही पुस्तक उघडल्यावर आपली आई भेटली पाहिजे.

या आयांना देवी करून गोष्टीत आणू नये. घर आणि नोकरी हसतमुखाने एकहाती पेलणारी आई हा जुन्या त्यागाचाच नवा अवतार आहे. ते चित्र पाहून मुलगी धास्तावते आणि मुलगा निर्धास्त होतो. मुलांना दाखवावे ते आईचे काम: ती नेमके काय करते, त्यात तिला काय जमते, कशाचा राग येतो, पगार किती आणि त्यातून काय येते, आणि ती बाहेर असताना घरातली भांडी कोण घासते. या प्रश्नांची खरी उत्तरे देणारी गोष्ट वाचून मोठा होणारा मुलगा उद्या बायकोला मदत करतो असे म्हणणार नाही. घरकाम त्याला आपलेच वाटेल. आईच्या कामाची गोष्ट मुलग्यांना वाचून दाखवली पाहिजे, ती यासाठी.