पानाचा एकच रंग

मेंदीच्या पानात केस काळे करणारं काहीही नसतं. केसांसाठी शुद्ध मेंदी शोधणाऱ्याने आधी एवढं मनाशी पक्कं करावं. पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिनला घट्ट धरून बसतं आणि पांढऱ्या केसावर केशरी-तांबडा रंग उमटवतं. काळ्या केसावर फार तर उन्हात दिसणारी लालसर झाक येते. मेंदीला येतो तो हा एकच रंग.

तरीही मिशिगनमधल्या नोव्हाय शहराच्या आसपासच्या इंडियन ग्रोसरीत मेंदीच्या फळीपुढे उभं राहिलं की काळी मेंदी, बरगंडी मेंदी, तपकिरी मेंदी अशी रांगच समोर येते. प्रत्येक पाकिटावर हिरवं पान छापलेलं असतं. इथल्या बर्फात मेंदीचं झुडूप अंगणात तग धरणार नाही. आपल्याकडे कुंपणाचा पाला तोडून, कात घालून पाट्यावर वाटणाऱ्या बाईला आपण काय वाटतोय हे दिसत होतं. इथे भरवसा ठेवायचा तो पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांवर. म्हणून ती वाचायलाच हवीत.

घटकांत फक्त मेंदीची पानं, म्हणजे लॉसोनिया इनर्मिस, एवढंच लिहिलेलं असावं. त्यासोबत नीळ असेल तर तीही वनस्पतीच आहे आणि काळ्या रंगाकडे जाण्याचा तो सरळ मार्ग आहे. पण सोडियम पिक्रामेट किंवा पॅराफिनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, दिसलं तर रंग देणारं ते आहे, पान नावापुरतं. आणि घटकांची यादीच नसेल तर पाकीट फळीवर परत ठेवावं, मग ते कितीही ओळखीचं असो.

पीपीडीचा इतिहास अमेरिकेला चांगला ठाऊक आहे. १९३३च्या सुमारास ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने बायकांची दृष्टी गेली, मृत्यूही घडला. त्यात हेच द्रव्य होतं. त्या संतापाचा १९३८चा सौंदर्यप्रसाधनांवरचा कायदा होण्यात मोठा वाटा होता. पण त्याच कायद्याने कोळशाच्या डांबरापासून बनणाऱ्या केसांच्या रंगांना सवलत दिली: पाकिटावर इशारा आणि आधी त्वचेवर चाचणी घेण्याची सूचना छापली की विक्रीला आडकाठी नाही. मेंदीला मात्र इथल्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता आहे ती केवळ डोक्यावरच्या केसांसाठी. लग्नात हातावर काढतो त्या मेंदीला ती नाही, हे आपल्या पुष्कळ घरांत माहीत नसतं.

मला खरा प्रश्न भेसळ करणाऱ्याइतकाच आपल्या मागणीचा वाटतो. आपल्याला ‘नैसर्गिक’ही हवं असतं आणि वीस मिनिटांत काळेभोर केसही. वय दिसता कामा नये, आणि त्यासाठी रसायन लावलं हेही स्वतःशी कबूल करायचं नसतं. या दोन्ही इच्छा एका पाकिटात बसवायच्या तर विकणाऱ्याला काहीतरी लपवावंच लागतं. काळी मेंदी आपल्या या संकोचातून जन्मली आहे. शुद्ध मेंदी वय पुसत नाही; पांढरा केस कुठे होता ते केशरी रंगाने दाखवते. तो रंग पत्करायची तयारी असेल, तरच ती आपल्यासाठी आहे.

तयारी असेल तर काम सोपं आहे, फक्त सावकाश. पूड वस्त्रगाळ आणि शेवाळी हिरवी असावी. पोपटी रंग भडक दिसला तर वरून रंग मिसळल्याचा संशय घ्यावा. चिमूटभर पूड पाण्यात ढवळली की रेती असल्यास ती तळाशी बसते. राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गावाच्या नावापेक्षा पूड किती ताजी आहे ते अधिक मोलाचं. कोमट पाण्यात, थोडं लिंबू पिळून रात्रभर भिजवावी. जानेवारीत स्वयंपाकघर गार असेल तर आणखी वेळ द्यावा. कंगव्यात निघालेले केस जपून ठेवून त्यांवर आधी रंग पाहावा, कारण मेंदी एकदा चढली की सहजी उतरत नाही. धुतल्यावर दिसणारा भगवेपणा दोनएक दिवसांत हवेने गडद होतो. गडद रंगासाठी मेंदी धुऊन झाल्यावर नीळ लावावी. ती ऐन वेळी साध्या कोमट पाण्यात कालवायची, आंबट काही न घालता.

शुद्ध म्हणजे सर्वांना निर्धोक, असं मात्र नाही. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या, विशेषतः बाळांच्या अंगाला मेंदी लागली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. आणि ज्यांना झटपट काळाच रंग हवा आहे, त्यांनी पीपीडीचा रंग उघडपणे, रंग म्हणूनच विकत घ्यावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त प्रत्येक वेळी पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे त्वचेवर चाचणी घ्यावी आणि ४८ तास थांबावं, कारण वर्षानुवर्षं सोसलेला रंगही एखाद्या दिवशी अचानक सोसेनासा होतो.