उंबऱ्यावरचे लेकरू

सज्जनहो, "पोटासाठी राबतो, लेकरांजवळ बसायला वेळ कुठला?" असे पुष्कळ माळकरी म्हणतात. एस.टी. हाकणारा असो की कारखान्यात रात्रपाळी करणारा, त्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्याने एकदा चोखोबांच्या घराकडे पाहावे.

चोखोबा जन्मभर राबले. इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता ते कोसळले आणि त्याखाली त्यांचा देह पडला. मजुरी अखेरपर्यंत सुटली नाही. तरी पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका ही सारी अभंग बोलू लागली. कर्ममेळ्याने तर देवालाच जाब विचारला! बापापाशी तोंड उघडायची चोरी असलेले पोर देवाशी इतके मोकळे बोलेल काय?

तेव्हा बाबांनो, दिवस देता येत नसेल तर घटका द्या; पण ती पुरी द्या. घरी असाल तर लेकरांना घेऊन हरिपाठाला बसा. कामावर असाल तर निजण्याआधी फोन करा, आणि "अभ्यास केलास का?" याआधी "जेवलास का, बाळा?" असे विचारा. सुट्टीची एकादशी आली तर एकटेच पंढरीची वाट धरू नका. बायकापोरांना बरोबर घ्या.

पुंडलिकासाठी देव विटेवर अठ्ठावीस युगे थांबला. उंबऱ्यावरचे लेकरू तेवढे थांबत नाही. ते मोठे होऊन जाते.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!