कागदाची साक्ष

मूत्रपिंड एक आणि वाट पाहणारे अनेक, अशा वेळी ते कोणास द्यावे? हा प्रश्न वैद्यकाइतकाच न्यायाचाही आहे. आता त्यात नवी भर पडली आहे. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. तेव्हापासून रोग्याची जाडजूड फाईल वाचून सारांश काढणे, हा रोगी अवयवरोपणास योग्य आहे काय याविषयी मत देणे, अशा कामी ही भाषायंत्रे लावून पाहण्यात येत आहेत.

सारांशास आमची हरकत नाही. थकलेल्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेला रक्ततपासणीचा आकडा यंत्राने दाखवला, तर बरेच झाले. परंतु यंत्र रोग्यास पाहत नाही. त्याच्याविषयी जे लिहिले आहे तेवढेच वाचते.

समजा, पेडणे तालुक्यातील एक बाई डायलिसिसवर आहे. तपासणीसाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जायचे म्हणजे कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, मग मांडवीचा पूल. सकाळची बस चुकली की दिवस गेला. दोन वेळा ती पोहोचली नाही. ती कारण सांगते कोंकणीत किंवा मराठीत. फाईलीत इंग्रजीत एकच ओळ पडते, की उपचारात नियमितपणा नाही. किंवा डिचोलीचा एखादा ट्रकवाला घ्या. 2012 साली खाणी थांबल्या, ट्रक विकावा लागला, काही महिने औषधास पैसे नव्हते. ओळ तीच! रोपणानंतर औषधे नेमाने घ्यावी लागतात, म्हणून त्या ओळीला वजन आहे आणि यंत्र ते देणारच. बस आणि खाण मात्र कागदावर नाहीत. कोणीही लबाडी केलेली नसते, तरी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष उभी राहते. शब्बाथशाळेत नववी आज्ञा पाठ करून घेताना हा प्रकार सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

हे केवळ कल्पनेतले नव्हे. अमेरिकेत मूत्रपिंडाचे कार्य मोजण्याच्या सूत्रात वर्णानुसार आकडा बदलत असे. त्यामुळे कृष्णवर्णीय रोग्याचे मूत्रपिंड आहे त्याहून बरे दिसे आणि प्रतीक्षायादीवरचा त्याचा काळ उशिरा मोजू लागत. रोपणाच्या यादीसाठी हे सूत्र 2022 साली बंद ठरले, आणि 2023 पासून अशा रोग्यांचा बुडालेला काळ त्यांच्या खाती जमा करण्यास आरंभ झाला. ते तर साधे गणित होते, म्हणून चूक कोठे आहे हे बोट ठेवून दाखवता आले. भाषायंत्राचे तसे नाही. प्रश्नाचे शब्द फिरवले तर उत्तर फिरू शकते, आणि विचारल्यावर ते जे कारण सांगते तेच खरे कारण असेल याची खात्री नसते.

कोणी म्हणतील, माणसांचा वशिला चालतो, यंत्राचा तरी चालत नाही. आक्षेप रास्त आहे. पण वशिल्यावर उपाय म्हणून गुणांकनाचे उघड नियम असतात. किती काळ डायलिसिसवर आहे याचे गुण कोणालाही मोजता येतात.

आपल्या कायद्याने या बाबतीत मार्ग घालून दिला आहे. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांच्या विधानसभांच्या ठरावांवरून, आणि प्रथम लागूही याच राज्यांत झाला. मेंदूमृत्यू ठरवण्यास त्यात चार डॉक्टरांच्या सह्या लागतात, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. आणि रोपण करणाऱ्या डॉक्टरांना त्या मंडळात जागा नाही. सही करणाऱ्यास जाब विचारता येतो. यंत्राच्या मताखाली सही कोणाची, हे ठरल्याशिवाय ते मत रोग्याच्या फाईलीत जाऊ नये, असे आम्हांस वाटते.

तोवर मंडळीतील आजाऱ्यांना भेटावयास जाणाऱ्यांनी एक करावे. इंग्रजी वाचता येणाऱ्या शिक्षकाने रोग्याचे कागद त्याला मराठीत वाचून दाखवावेत. कोठे ‘आला नाही’ असे असेल, तर का आला नाही ते पुढील भेटीत डॉक्टरांकडून त्याच पानावर लिहून घ्यावे.