वेगळें दार

बंधुत्वाचें तत्त्व उच्चारणें सोपें आहे. त्या तत्त्वाचा हवाला देऊन परका मनुष्य दाराशीं उभा राहिला, म्हणजे उच्चारणाऱ्याची कसोटी लागते. मुंबईच्या ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ या फ्रीमेसन लॉजचा जन्म अशाच कसोटींतून झाला.

१७२३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालेल्या फ्रीमेसनांच्या घटनेनें धर्मपंथांचे भेद बाजूस ठेवून सच्छील पुरुषांच्या स्नेहाची ग्वाही दिली होती. परंतु माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांनीं मुंबईंतील गोऱ्या लोकांच्या लॉजमध्यें प्रवेश मागितला, तेव्हां तो नाकारण्यांत आला. त्यांनीं पॅरिस येथें दीक्षा घेतली. अखेर डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानें १५ डिसेंबर १८४३ रोजीं एतद्देशीयांकरितां ही नवी लॉज स्थापन झाली, व माणेकजी तिचे चिटणीस झाले.

जुनें दार न उघडतां शेजारीं दुसरें पाडून देणें, यास औदार्य म्हणावें कीं चतुराई? आमच्या मतें त्यांत दोहोंचाहि अंश आहे. बर्न्ससाहेबांचें धैर्य खरें. पण ज्यांनीं नकार दिला त्यांस आपली बैठक बदलावी लागली नाहीं, हेंहि खरें. कलकत्त्यास तर प्रसन्नकुमार दत्त यांस १८७२ पर्यंत तिष्ठावें लागलें. हिंदु अनेक देव मानतात, त्यांनीं एका परमेश्वरावरील निष्ठा कशी सांगावी, ही तेथील हरकत. नकार देणाऱ्यास कारणांची वाण कधींच पडत नाहीं.

तथापि लिहिलेलें तत्त्व हें कर्जरोख्यासारखें असतें. लिहितांना मनांत कोणीहि असो, उद्यां धनको म्हणून कोण येईल हें ऋणकोच्या हातीं राहत नाहीं. माणेकजींनीं तो रोखा पुढें केला, आणि अर्धीमुर्धी कां होईना, फेड झाली. पुढें १८६३ सालीं याच माणेकजींनीं मुलींकरितां इंग्रजी शाळा काढली. पण त्यांच्या लॉजचें दार स्त्रियांस बंदच राहिलें. कालचा धनको आज ऋणको होतो, तो असा.

समतेचे असे रोखे आम्हीं सुशिक्षितांनींहि सभांतून व लेखांतून पुष्कळ लिहून दिले आहेत. ते घेऊन कोणी आमच्या उंबरठ्याशीं आला, तर त्यास शेजारचें दार दाखविण्यापूर्वीं आमची सही आम्हीं एकवार वाचून पाहावी.