झोंबलं म्हणजे लागू पडलं?

दाढी करताना हनुवटीखाली वस्तरा जरा तिरका लागला आणि रक्ताचा थेंब आला, की न्हाव्याचा हात न बघताच आरशासमोरच्या फळीवरच्या तुरटीकडे जातो. ओला खडा कापलेल्या जागी फिरतो, गिऱ्हाइकाच्या तोंडून 'स्स' निघतं, आणि दोघांचंही समाधान होतं. रक्त थांबलं हे त्याचं एक कारण. पण त्याहून मोठं कारण ते चुरचुरणं. झोंबलं म्हणजे लागू पडलं, झोंबलं म्हणजे जंतू मेले, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की ती केवळ एक समजूत आहे हेच ध्यानात येत नाही.

तुरटी रक्त थांबवते यात शंका नाही. ती पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचं सल्फेट, आणि पाण्यात विरघळली की आम्लधर्मी होते. जखमेच्या तोंडाशी रक्तातली आणि कातडीतली प्रथिनं तिच्यामुळे साकळतात, भोवतालची त्वचा आक्रसते आणि बारीक केशवाहिन्यांची तोंडं मिटतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात आपण तुरटी फिरवतो, तेव्हाही तिचा हाच स्वभाव कामी येतो. मातीचे सूक्ष्म कण ऋणभारामुळे एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. ॲल्युमिनियममुळे तो भार निघून जातो, कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी बसतात. १९२६ साली इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लशीतला घटक तुरटीने असाच साक्याच्या रूपात आणला आणि त्याने प्रतिकारशक्ती अधिक चांगली येते असं त्यांना आढळलं. आपल्या मुलांना टोचतात त्या त्रिगुणी लशीत आजही ॲल्युमिनियमचा क्षार असतो. विखुरलेलं एकत्र आणायचं आणि सैल असेल ते आवळायचं, एवढंच या खड्याचं काम, आणि ते तो फार चोख करतो.

पण हंड्यातलं पाणी नितळ झालं तरी ते उकळून घ्यावं लागतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. नितळ आणि निर्जंतुक या दोन गोष्टी आपण तिथे वेगळ्या ठेवतो. चेहऱ्यावर मात्र त्या एक करून टाकतो, कारण चेहऱ्यावर ती झोंबते आणि हंड्यात झोंबत नाही.

झोंबतं कशामुळे? कातडीचा वरचा थर निघाल्यामुळे उघड्या पडलेल्या मज्जातंतूंच्या टोकांना आम्लधर्मी क्षार लागतो म्हणून. तिथे जंतू असोत वा नसोत, तेवढंच झोंबेल. तुरटी काही जिवाणूंची वाढ रोखते. घामाचा वास येऊ नये म्हणून काखेत ती लावतात ते उगाच नाही. मात्र त्या गुणाचा आणि वेदनेचा काही संबंध नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा जखमेवर फेस येतो तेव्हा आपल्याला वाटतं की घाण उकळून बाहेर पडते आहे. खरं तर रक्तातलंच एक विकर पेरॉक्साइडमधला प्राणवायू मोकळा करत असतं. जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही त्या फेसाचा त्रासच होतो. किरकोळ जखमेला वाहतं स्वच्छ पाणी पुरतं, पण पाण्याने काहीच जाणवत नाही, म्हणून त्यावर भरवसा बसत नाही. ताप आल्यावर गोळ्या देणाऱ्या डॉक्टरपेक्षा सुई टोचणारा डॉक्टर खरा वाटतो, तोही याच कारणाने. वेदना ही आपल्याला उपचाराची पावती वाटते. मला हे केवळ अडाणीपण वाटत नाही. शरीराच्या आत काय चाललं आहे ते दिसत नसताना माणूस जाणवणाऱ्या गोष्टीवरच विश्वास ठेवणार. पण त्या विश्वासाची किंमत कुठे मोजावी लागते, ते पाहायला हवं.

नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली आणि गिऱ्हाइकं नवं ब्लेड मागू लागली. पाकीट समोर फोडायचं, पातं मधोमध मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात बसवायचं आणि काम झालं की टाकून द्यायचं, हे खेड्यातल्या टपरीवजा सलूनमध्येही रुळलं. इतका मोठा बदल कुठल्या कायद्याच्या धाकाने नाही, खुर्चीत बसणाऱ्यांच्या मागणीने झाला. तुरटी मात्र तीच राहिली. ज्या हाताने ब्लेड फेकलं जातं, त्याच हाताने तोच खडा सकाळपासूनच्या प्रत्येक कापलेल्या हनुवटीवर फिरतो. रक्ताचा थेंब आला तरच तो उचलला जातो, म्हणजे तो रक्तालाच लागतो. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. तुरटीच्या आम्लाने तो मरेल यावर विसंबता येत नाही. आज खुर्चीत बसणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बहुतेकांना लहानपणी त्याची लसही मिळालेली नाही. या काविळीची लक्षणं साधारण दोन ते पाच महिन्यांनी दिसतात. झोंबतं ते त्या क्षणी आणि आजार येतो तो तीन महिन्यांनी. त्याचा संबंध फळीवरच्या खड्याशी कोण जोडणार?

यात न्हाव्याला दोष देणं अन्यायाचं होईल. त्याच्याकडे जे मागितलं गेलं ते त्याने दिलं. धार दिसते म्हणून आपण ब्लेडला घाबरलो. शमवणाऱ्या वस्तूकडे संशयाने पाहायचं आपल्या मनातच आलं नाही.

तुरटी टाकून द्यावी असं मी मुळीच म्हणणार नाही. घरी स्वतःचा खडा असावा. वापरल्यावर तो नळाखाली धरावा, म्हणजे वरचा थर विरघळून जातो, आणि मग कोरडा ठेवावा. दाढीचं कापणं बहुधा इतकं वरवरचं असतं की थंड पाणी आणि दोन-चार मिनिटं दाबून धरलेला कापूसही पुरतो. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर कापसावरच भिस्त ठेवावी आणि अधिक वेळ दाबावं. ओघळणारं रक्त तुरटीला आवरत नाही. सलूनमध्ये तुरटीचं पाणी बाटलीत भरून फवारलं तर कुणाच्याच कातडीला खडा लागत नाही. काही ठिकाणी तसं करतातही. किंवा मोठ्या खड्याचा कपचा मोडून गिऱ्हाइकाला द्यावा आणि नंतर ब्लेडबरोबर टाकून द्यावा. वाण्याकडे तुरटी काही महाग नसते. पण हे आपण मागितलं तरच होईल.